वासोट्याची वाट आणि गव्याची वाट

आपल्या हॉस्टेलमध्ये दर वर्षी जानेवारीत एक साथ येते. परीक्षा संपलेली असते, रिझल्टला अवकाश असतो आणि कुणाच्या तरी मोबाईलवर तळ्याकाठच्या जंगलाचा फोटो येतो. "चला बे, वासोट्याला जाऊ!" रात्री मेसमध्ये बारा जण तयार. सकाळी त्यातले सात उरतात, आणि त्या सातातले तीन जण फ्लोटर्स घालून आलेले असतात.

थर्ड इयरला असताना त्या सातांत मी होतो. गेलो, बघितलं, आलो, असं लिहून दोन पानं भरता आली असती. पण आम्ही तिथे पन्नास मिनिटं चुकीच्या वाटेवर होतो, आणि ती वाट चुकीची का होती हे कळायला मला नंतर बरंच वाचावं आणि विचारावं लागलं. पुढच्या बॅचचं कुणी जाणार असेल तर त्याला उपयोग होईल, म्हणून हा लेख.

आधी वासोटा कुठे आहे ते सांगतो, कारण आपल्याकडे "सातारा साईडला" एवढंच माहीत असतं. सोलापूरहून पंढरपूर, म्हसवड, दहिवडी करत एस.टी.ने सातारा. साताऱ्याहून कास पठार ओलांडून बामणोली. बामणोलीला रस्ता संपतो आणि शिवसागर जलाशय सुरू होतो, म्हणजे कोयना धरणाचं पाणी. तिथून लाँचने तास-दीड तास गेलं की पलीकडच्या काठावर मेट इंदवली येतं, आणि तिथून गडाची चढण. गडाची उंची समुद्रसपाटीपासून साधारण ११७० मीटर. हा सगळा भाग कोयना अभयारण्याचा. १९८५ साली अभयारण्य झालं. दक्षिणेचं चांदोली २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालं, आणि २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. क्षेत्र अकराशे चौरस किलोमीटरच्या वर. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारशात घेतल्या त्यांत कोयना आणि चांदोली दोन्ही आहेत.

आपल्या सोलापूरकरांना या जंगलाचा अंदाज येणं अवघड आहे. आपलं जंगल म्हणजे नान्नजचं माळरान. एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाची बाभळ दिसते, आणि वाट चुकायची म्हटलं तरी चुकता येत नाही. आपल्याकडे वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तर लोक पेढे वाटतात. कोयनेच्या खोऱ्यात पाच हजारांच्या आसपास पडतो. एवढ्या पावसावर जे जंगल उभं राहतं त्यात भर दुपारी बारा वाजता संध्याकाळ असते. अंजनी, जांभूळ, हिरडा, खाली कारवीची दाटी, आणि वीस पावलांवरचा माणूस हाक मारली तरच कळतो.

आता परवानगीचं. आमच्यातल्या एकाने निघतानाच वाद घातला होता की डोंगर चढायला परवानगी कशाला, डोंगर काय कुणाच्या बापाचा आहे का? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे आणि त्याप्रमाणे अभयारण्यात शिरायला परवाना लागतो. पर्यटन हे त्या परवान्याचं एक कारण धरलेलं आहे. म्हणजे आपण तिथे हक्काने जात नाही, ठराविक वाटेपुरते आणि ठराविक वेळेपुरते जातो. बामणोलीला वन खात्याकडे नावं लिहायची, फी भरायची. पावसाळ्यात वाट बंद असते आणि गडावर मुक्काम करता येत नाही. फी आणि वेळा बदलत असतात, तेव्हा साताऱ्यात आधी चौकशी करूनच निघा. आमच्या वेळी पलीकडच्या चौकीवर पिशव्या उघडून प्लास्टिकच्या बाटल्या मोजल्या आणि वहीत लिहून घेतल्या. परत येताना तेवढ्याच दाखवायच्या. लॅबमध्ये मल्टिमीटर इश्यू करतात तसं!

मुक्काम का नाही, याचं सरळ कारण म्हणजे जंगलातली बरीच जनावरं संध्याकाळी आणि पहाटे हलतात. गवा, सांबर, अस्वल, बिबट्या, रानकुत्रे सगळे इथे आहेत. वाघाबद्दल बोलायचं तर नाव व्याघ्र प्रकल्प आणि वाघ कॅमेऱ्यात कधीमधी दिसणार, अशी बरीच वर्षं गेली. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून एक वाघीण इथे आणली. दिवसा वाट माणसाची असते, पाचनंतर ती त्यांची. एकाच वाटेवर दोन शिफ्ट चालतात, असं समजा.

वाट या विषयाकडे येतो. आपल्याला वाटतं, ट्रेकची वाट कुणीतरी ट्रेकसाठी काढलेली असते. परदेशातल्या काही राष्ट्रीय वनांत तसं आहे. तिथे वाटेला नंबर असतो, फाट्यावर पाटी असते, कुठे किती मैल ते लिहिलेलं असतं. आपल्या सह्याद्रीत तसं फार कमी. आपल्या वाटा म्हणजे कुणाच्या तरी जुन्या कामाच्या वाटा. घाटावरून कोकणात माल नेणाऱ्यांच्या घाटवाटा, गुराख्यांच्या ढोरवाटा, लाकूडफाट्याच्या वाटा, देवाला जायच्या वाटा. वासोट्याजवळच्या नागेश्वराच्या गुहेकडे कोकणातल्या चोरवण्याहून लोक महाशिवरात्रीला चढून येतात, तीही अशीच वाट. कुणी आखली नाही, पायांनी झाली.

आणि पायांनी झालेली वाट पाय थांबले की बुजते. मेट इंदवली हे गाव होतं. मेट म्हणजे गडाखालची पहाऱ्याची वस्ती. आता तिथे गाव नाही. एक देऊळ आहे, ओढा आहे, चौथऱ्यांचे दगड आहेत. अभयारण्यातली गावं उठली, खोऱ्यातली त्याआधीच धरणाखाली गेली. गावं गेल्यावर गुरं गेली आणि गावांना जोडणाऱ्या वाटांवर दोन-चार पावसाळ्यांत कारवी उभी राहिली. आज गडावर जाणारी एक वाट ठसठशीत आहे, कारण तिच्यावर दर सीझनला ट्रेकर चालतात. बाकीच्या वाटा नकाशावर आहेत, जमिनीवर नाहीत.

आमच्यात एक जण होता, माझा रूम पार्टनर, त्याला या सगळ्याचं वेगळं कौतुक होतं. पुष्कळांना माहीत नसेल, पण कोयनेचे धरणग्रस्त आपल्या सोलापूर जिल्ह्यातही येऊन वसले आहेत. त्याची आजी त्यांतली. लग्न होऊन कोयनाकाठच्या गावात गेली आणि तीन-चार वर्षांत सगळं सोडून इकडे माळावर आली. तिने त्याला निघताना सांगितलं होतं, "रानात दोन वाटा फुटल्या तर शेण बघायचं. शेणाची वाट गावात जाती."

ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

चढणीचा हिशोब आम्ही मात्र चक्क इंजिनिअरसारखा केला होता. १८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक सोपा नियम दिला. सपाटीवर ताशी पाच किलोमीटर धरा, आणि दर सहाशे मीटर चढाईला एक तास जास्त घाला. शिवसागर पूर्ण भरला की पाण्याची पातळी असते सुमारे ६५९ मीटर. गड ११७०. म्हणजे चढाई ५१० मीटर, त्याचे झाले एक्कावन्न मिनिटं. वाट पाच किलोमीटर धरली तर त्याचा एक तास. एकूण एक तास एक्कावन्न मिनिटं. आम्ही सव्वादहाला निघालो आणि सव्वाबाराला वर होतो. नेस्मिथसाहेबांना सलाम! फक्त हा नियम न थांबता चालणाऱ्यांचा आहे. सेल्फी त्यात धरलेल्या नाहीत.

ही वाट सुरुवातीला ओढ्याच्या अंगाने सपाट जाते आणि नंतर नागमोडी चढते. इथे सिव्हिलवाल्यांनी जरा लक्ष द्यावं. नागमोडी कशासाठी? उंची तीच चढायची आहे, काम तेवढंच आहे, पण उतार कमी झाला की दम पुरतो, हे आपल्याला अकरावीपासून माहीत आहे. दुसरं कारण पाण्याचं. आपण दोन वळणांमधून सरळ खाली उतरलो की तिथे एक घसरडी पट्टी तयार होते. पहिल्या पावसात पाणी तीच पट्टी धरतं. उतार जास्त, म्हणून वेग जास्त, आणि वेग वाढला की पाण्याची माती वाहून न्यायची ताकद त्याच्या कितीतरी पटीने वाढते. पाच हजार मिलिमीटर पावसात त्या पट्टीची दोन वर्षांत घळ होते. घळीने वळणं तुटली की लोक बाजूने नवी वाट पाडतात, मग तिचीही घळ. शॉर्टकट मारणाऱ्याची पाच मिनिटं वाचतात. आम्ही तो मारला. त्याबद्दल आता.

(वर काय आहे ते थोडक्यात सांगून टाकतो. पडका दरवाजा, बिनछपराचा मारुती, महादेवाचं देऊळ, पाण्याची टाकी, वाड्याचे अवशेष, आणि बाबूकडा. बाबूकड्यासमोर उभं राहून हाक मारली की समोरून परत येते. समोरचा डोंगर म्हणजे जुना वासोटा. १८१८ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी त्याच्यावर तोफा चढवून गड घेतला. या जंगलातून तोफा कशा ओढल्या असतील हे मेकॅनिकलवाल्यांनी सांगावं. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा हे जेवण ट्रेकसाठीच जन्माला आलं आहे, भिजत नाही, विटत नाही. पुण्याच्या एका ग्रुपने आमच्याकडून तीन भाकऱ्या मागून नेल्या.)

उतरायला अडीचला निघायचं ठरलं होतं, निघालो तीनला. चौघं पुढे गेले. मी, रूम पार्टनर आणि आमचा सिंगर असे तिघे मागे. एका वळणावर खाली सरळ उतरलेली पायवाट दिसली. खाली मुख्य वाट लागणारच होती, म्हणून उतरलो. लागली की एक वाट! चांगली हातभर रुंद, माती दबलेली, आणि मधोमध शेण. रूम पार्टनर खूष. "आजी म्हणलीच होती बे, शेणाची वाट गावात जाती!"

पंधरा मिनिटांनी मला वाटलं, आपण उतरत नाही आहोत. वाट डोंगराला आडवीच चालली होती. वीस मिनिटांनी ती एका दलदलीपाशी गेली आणि तिथे तिच्या चार वाटा झाल्या. चिखलात खुरांचे ठसे होते, बशीएवढे. मेट इंदवलीत आता गुरं नाहीत. मग शेण कुणाचं?

गव्याचं. आजीचं म्हणणं साठ वर्षांपूर्वी बरोबर होतं. गावात गुरं होती तेव्हा शेणाची वाट संध्याकाळी गोठ्याकडे जायची. गाव उठल्यावर गव्यांना रान मोकळं झालं. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरू शकतो, आणि कळप रोज त्याच रस्त्याने गेला तर माणसाच्या वाटेपेक्षा चांगली वाट पडते. फक्त ती जाते पाण्याला आणि चाऱ्याला.

दोन्ही वाटा ओळखायच्या कशा, हे मी नंतर जंगलात काम केलेल्या दोन-तीन माणसांना विचारलं. सगळ्यांनी थोड्याफार फरकाने तेच सांगितलं. माणसाच्या वाटेवर दगड आणि मुळं बुटांनी घासून गुळगुळीत झालेली असतात, जनावराच्या वाटेवर मुळांना ओरखडे असतात. माणसाच्या वाटेवर फांद्या कोयत्याने तिरक्या तोडलेल्या दिसतात, जनावराच्या वाटेवर मोडलेल्या. रानडुकराची वाट असेल तर खाली मोकळं आणि कमरेपासून वर फांद्यांची गच्ची, आपल्याला वाकून जावं लागतं. गव्याची फसवी, कारण गवा खांद्यापर्यंतच माणसाएवढा असतो आणि वाटेत डोकं आपटत नाही. अशा वेळी दिशा बघायची. माणसाला कुठेतरी पोचायचं असतं, त्यामुळे त्याची वाट उंची सोडत जाते किंवा घेत जाते. जनावर शक्यतो एकाच उंचीवरून डोंगर कापतं. आणि एक फाटा दोन वेळा, तीन वेळा फुटत गेला तर ती माणसाची वाट नक्कीच नाही.

त्या दलदलीपाशी सिंगरचं म्हणणं पडलं की सरळ खाली उतरू, तळं खालीच आहे. ऐकायला बरोबर. पण सह्याद्री बसाल्टच्या थरांचा आहे. थरावर थर, मध्ये सपाट पदर आणि मग एकदम कातळ तुटलेला. वरून झाडीत तो तुटलेला भाग दिसत नाही. ओढ्याने उतरलं तर हमखास सुकलेल्या धबधब्याच्या डोक्यावर जाऊन उभं राहायचं, पुढे जाता येत नाही आणि मागे चढवत नाही. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या डोंगरावरून रेस्क्यू टीमने पोरं उतरवल्याची बातमी येते, त्यात हा प्रकार असतोच.

मोबाईलला रेंज नव्हती. पण इथे ई अँड टीसीच्या माणसाने (म्हणजे मी) थोडी अब्रू राखली. पुष्कळांना वाटतं की रेंज गेली की जी.पी.एस. गेलं. तसं नाही. जी.पी.एस.चा रिसीव्हर उपग्रहांकडून सिग्नल घेतो, टॉवरकडून नाही. नेटवर्कशिवाय फक्त नकाशा उतरत नाही. नकाशा आधी डाऊनलोड केलेला असेल आणि चढताना ट्रॅक रेकॉर्ड केला असेल तर आपण आलो ती रेघ स्क्रीनवर दिसते. मी ट्रॅक चालू केला होता, बॅटरी नऊ टक्के होती. दाट झाडीत आणि कड्याच्या पोटात सिग्नल आपटून येतो, त्यामुळे आमचा ठिपका तीस-चाळीस मीटर इकडेतिकडे उड्या मारत होता. एवढं मात्र कळलं की मुख्य वाट आमच्या वर आणि मागे आहे. खाली नाही.

चढायचं कुणाच्या जिवावर आलं नाही? पण चढलो. वाट चुकली की शेवटची खात्रीची जागा जिथे होती तिथपर्यंत मागे जायचं, मग ती वर असली तरी. वाटेत सिंगरने शीळ घालायला सुरुवात केली तेव्हा रूम पार्टनरने त्याचं तोंडच दाबलं आणि वर बोट दाखवलं. वरच्या कातळाला काळं काहीतरी लोंबत होतं, आग्या मोहोळ. किल्ल्यांवर जनावरांपेक्षा याच माश्यांनी जास्त लोकांना घायाळ केलं आहे. त्यांना धूर, परफ्यूम, दगड यातलं काहीही चालत नाही. बॉडी स्प्रे मारून ट्रेकला येणाऱ्या मित्रांनी याची नोंद घ्यावी. आम्ही तिथून कमरेत वाकून, एकही शब्द न बोलता गेलो. सिंगर इतका वेळ गप्प राहिलेला मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिला नाही.

चौकीवर पोचलो तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. पुढचे चौघे पांढरेफटक. गार्डने आमच्याकडे न बघता वहीत वेळ लिहिली, बाटल्या मोजल्या (एक कमी होती, सिंगरची) आणि मग जे बोलायला सुरुवात केली ते इथे छापता येणार नाही. त्याचा एक मुद्दा सांगतो. आम्ही आलो नसतो तर आम्हाला शोधायला त्यालाच अंधारात आत जावं लागलं असतं. नेमकी गव्यांची शिफ्ट सुरू असताना. त्याच्याकडे एक काठी आणि एक बॅटरी होती.

लाँचवाले मामा मात्र एक शब्द बोलले नाहीत, नुसतं इंजिन चालू केलं. सव्वासहाला सूर्य गेला आणि पुढचं अर्ध्या तासाचं अंतर आम्ही अंधारात कापलं. पाणी उतरलं की जुन्या टेकड्यांची टोकं पाण्याखाली हातभरावर येतात, मामांना ती पाठ असतात पण दिसत तर नाहीत ना. मामा पुढे टॉर्च धरून उभे आणि त्यांचा पोरगा सुकाणूवर. आम्ही लाईफ जॅकेटं घट्ट आवळून बसलो होतो.

रूम पार्टनरने मामांना त्याच्या आजीच्या गावाचं नाव सांगितलं. मामांनी जरा विचार केला आणि टॉर्च उजवीकडे वळवली. पाणीच होतं. "त्या तिथं, टेकाडाच्या अल्याड. मे महिन्यात पाणी लईच खाली गेलं तर जोती उघडी पडत्यात. माझा बा दाखवायचा."

कास चढून आल्यावर फोनला रेंज आली. सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागले. त्याने आधी घरी लावला, आजीला द्यायला सांगितलं, आणि गाव कुठे होतं ते आपल्याला दाखवलं असं सांगितलं. फोन स्पीकरवर होता. आजी थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "शेण बघितलंस का रं वाटंला?"

"बघितलं आजी," तो म्हणाला, आणि आमच्याकडे बघून गप्प बसा अशी खूण केली.

"मग बरोबर आलास," आजी म्हणाली. "औंदा पाणी किती हाय तिथं?"